दम्याच्या घरात गाडी कोणती घ्यावी?

दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे आमच्या दवाखान्यात खोकल्याचे दिवस. पहाटेचा गारठा, कापूस वेचणीची धूळ, कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यामुळे रस्त्यावर वाढलेले उसाचे ट्रॅक्टर, या सगळ्यांचा हिशेब शेवटी छातीतच मांडला जातो. अशाच एका सकाळी सोनपेठजवळच्या एका गावचे निवृत्त गुरुजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आले. पोराची छाती सूं-सूं वाजत होती. तपासले, औषध दिले, श्वासातून घ्यायचा पंप कसा ओढायचा ते पुन्हा एकदा करून दाखवले. उठता उठता गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अजून एक विचारायचं होतं. धाकटा पुण्याहून म्हणतोय, बाबा, घरी एक गाडी घेऊ. कोणी म्हणतं डिझेल घ्या, कोणी गॅसची, कोणी बॅटरीची. आणि ते हायब्रिड का काय म्हणतात ते. ह्या लेकराच्या छातीला कोणती बरी?"

तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये गाडीविषयी पुष्कळ गप्पा ऐकल्या. ॲव्हरेज किती देते, विकताना भाव काय येतो, हप्ता किती बसतो. छातीला कोणती बरी, हे विचारणारे गुरुजी पहिलेच. मी काही मेकॅनिक नाही. पण धुराचे एक टोक इंजिनात असते आणि दुसरे कोणाच्या तरी नाकात, आणि हे दुसरे टोक माझ्या धंद्याचे आहे. म्हणून हा आठवडा या प्रश्नासाठी.

मी गुरुजींना उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारला. "रविवारी ह्याला दम लागतो का?" गुरुजी जरा थांबले. म्हणाले, "नाही बुवा. रविवारी दिवसभर हुंदडतो." ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आधी गाडीच्या धुरात काय असते ते पाहू. पेट्रोल असो की डिझेल, इंधन पूर्ण जळाले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच उरायला हवे. पण इंजिनात ते कधीच पूर्ण जळत नाही. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसते, त्यामुळे रक्त भरपूर असूनही प्राणवायू मिळत नाही. दुसरा प्रकार म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे. इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळून ती तयार होतात. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला ती सूज आणतात, आणि दमेकऱ्याची नलिका मग थोड्याशा धुळीनेही आवळते. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत वाईट प्रकार म्हणजे काजळीचे बारीक कण. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचे पंचवीस-तीस भाग करावेत त्यातला एक. नाकातले केस, घशातला कफ, यांपैकी कोणीच त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात, त्यातले अगदी सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणूनच धुराचा आजार खोकल्यावर थांबत नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या कारणांतही आज त्याची गणना होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या कणांची वार्षिक मर्यादा एक घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. आपल्या देशातील २००९ चे प्रमाण ४० चे आहे. यावरून आपण किती सैल हिशेब धरला आहे ते दिसते.

लहान मुलांना हे सारे जास्त बाधते. मूल मोठ्या माणसापेक्षा मिनिटाला जास्त वेळा श्वास घेते, त्याची फुफ्फुसे अजून वाढत असतात, आणि त्याचे नाक सायलेन्सरच्या उंचीच्या जवळ असते.

गाडीच्या इंधनात बदल केल्याने माणसाची तब्येत सुधारते का, अशी शंका कोणी घेईल. त्याला शिशाची गोष्ट सांगावी. इंजिन ठोके देऊ नये म्हणून पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. ते शिसे धुरातून हवेत, हवेतून मुलांच्या रक्तात जाई आणि मुलांच्या बुद्धीच्या वाढीला मारक ठरे. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. पंपावर गेलेल्या माणसाला काही फरक जाणवला नाही, पण एक विष हवेतून कमी झाले. इंधन बदलण्याचा फायदा असा गुपचूप होतो, त्याची बातमी होत नाही.

आता डिझेलकडे वळतो, आणि इथे मला स्वतःची कबुली दिली पाहिजे. माझ्याकडे डिझेलची जीप आहे. २००९ साली घेतली. रात्री-अपरात्री गोदाकाठच्या गावांना व्हिजिटला जावे लागे, रस्ते असे की साधी कार टिकली नसती. तिने कधी दगा दिला नाही. पण थंडीत ती सुरू केली की पाच-दहा मिनिटे तशीच चालू ठेवायची, ही माझी सवय. जीप उभी असे दवाखान्याच्या ओट्याला लागून, आणि ओट्यावर नंबर लावून बसलेले असत ते दम्याचे म्हातारे. हे मला माझ्या कंपाऊंडरने दाखवून दिले. म्हणाला, "साहेब, जीप चालू केली की आतलं गिऱ्हाईक खोकतं." मी हसलो, आणि नंतर बराच वेळ हसू आले नाही. दुसऱ्या दिवसापासून जीप मागच्या गल्लीत उभी राहू लागली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्याच गटात तंबाखूचा धूर आहे. डिझेलचे दोन दोष मोठे, एक काजळी आणि दुसरा नायट्रोजनची ऑक्साइडे. बीएस-४ या नियमात डिझेल कारला एका किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडे २५० मिलिग्रॅमपर्यंत सोडण्याची मुभा होती, पेट्रोल कारला ८०. म्हणजे तिप्पट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, तेव्हा हे आकडे ८० आणि ६० वर आले, आणि काजळीची मर्यादाही डिझेलसाठी खूप खाली आली. डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आणले गेले. तेव्हा आजची नवी डिझेल गाडी ही माझ्या जुन्या जीपची बहीण नव्हे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

मात्र यात एक मेख आहे. नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. जाळी भरली की ती तापवून आतली काजळी जाळावी लागते, आणि ते तापणे मोठ्या रस्त्यावर सलग वेगाने गाडी चालली तरच नीट होते. घर ते मोंढा, मोंढा ते शाळा, एवढेच जिचे फिरणे तिची जाळी तुंबते. मग दिवा लागतो, गाडी ओढत नाही, आणि कोणी तरी शहाणा सल्ला देतो की जाळी काढून टाका. जाळी काढली की धूर पुन्हा होता तसा. कागदावरचा धूर आणि रस्त्यावरचा धूर वेगळा असू शकतो, हे तर २०१५ साली जगाने पाहिले. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने आपल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असा प्रोग्रॅम बसवला होता की तपासणीच्या वेळी धूर कमी आणि रस्त्यावर जास्त. माझा सल्ला एवढाच. ज्याला महिन्याला हजारो किलोमीटर सलग जावे लागते त्याने डिझेलचा विचार करावा. सोनपेठहून आठवड्यातून एकदा गंगाखेड किंवा परभणी करणाऱ्या घराने, आणि त्यातही घरात दमा असेल तर, डिझेल घेऊ नये.

गॅसची गाडी म्हणजे सीएनजी. यात काजळी जवळजवळ नाही, ही मोठी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील सर्व बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला, आणि बरीच ओढाताण होऊन २००२ च्या अखेरीस तो पुरा झाला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी २००० सालानंतर हळूहळू गॅसवर आल्या. त्याआधी डिझेल टॅक्सीच्या मागे सिग्नलला उभे राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना फरक सांगायला नको. (दिल्लीची हवा आज पुन्हा वाईट का, असे कोणी विचारेल. बस सुधारल्या, पण गाड्यांची संख्या वाढली, शिवाय शेतातला पेंढा, बांधकामाची धूळ आणि कारखाने आहेतच. एका औषधाने सगळे रोग बरे होत नाहीत.) आता तर पुण्याच्या बजाज कंपनीने जुलै २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी मोटारसायकलही बाजारात आणली. गॅसने नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र नाहीशी होत नाहीत, आणि आपल्या भागात गॅसचे पंप शहरांइतके नाहीत. गाडी घेण्याआधी रोजच्या वाटेवर पंप आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. नाही तर गॅसची गाडी घेऊन पेट्रोलवरच चालवायची वेळ येते.

सीएनजीची टाकी सुमारे २०० वातावरणांच्या दाबाने भरलेली असते. कंपनीने बसवलेली असेल आणि दर तीन वर्षांनी तिची दाबाची तपासणी होत असेल तर भीती नाही. हा वायू हवेपेक्षा हलका, गळाला तर वर उडून जातो. भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. घरच्या स्वयंपाकाचे लाल सिलिंडर व्हॅनमध्ये मागच्या सीटखाली ठेवून त्यावर गाडी चालवणारे महाभाग अजून आहेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. तो गळाला की गाडीच्या तळाशी, प्रवाशांच्या पायापाशी साचून राहतो, आणि एक ठिणगी पुरते. हे बेकायदा आहे, पण मी कायद्यासाठी सांगत नाही. भाजलेले मूल ज्याने एकदा तपासले आहे तो हे आयुष्यभर विसरत नाही. वास आला तर गाडीतून उतरावे, काचा उघडून "चला, जाईल वास" म्हणू नये.

साध्या पेट्रोल गाडीविषयी फार लिहीत नाही. बीएस-६ ची, वेळेवर सर्व्हिसिंग केलेली छोटी पेट्रोल कार ही आपल्यासारख्या मध्यम घराला वाईट नाही. काजळी कमी, किंमत आवाक्यात, मेकॅनिक गावोगाव. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि ते आपल्याच उसातून किंवा धान्यातून येते. इथेनॉलने कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते सोसते का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे, कारण नळी चिरली तर पेट्रोलची वाफ गाडीत येते. त्या वाफेत बेंझिन असते आणि ते रक्तपेशींना घातक. जाता जाता एक सांगतो. टाकीतून नळीने तोंडाने पेट्रोल ओढताना ठसका लागून फुफ्फुसात गेले म्हणून आणलेला रुग्ण मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. असे झाल्यास उलटी करवू नये, तसेच दवाखान्यात आणावे.

आता हायब्रिड. गुरुजींनी याचेच नाव चाचरत घेतले होते. चढाच्या वाटेवर भरलेल्या गाडीला पुढे आणखी एक बैलजोडी जुंपत, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. हायब्रिड गाडीत तसेच आहे. एक पेट्रोलचे इंजिन आणि जोडीला एक विजेची मोटार. गाडी जागची हलताना, गर्दीत हळू चालताना मोटार ओढते आणि इंजिन बंद असते. वेग वाढला की इंजिन लागते. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ताकद वीज होऊन बॅटरीत जाते. म्हणून ही गाडी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. जपानमध्ये टोयोटाने १९९७ साली अशी पहिली मोठी विक्रीची गाडी काढली, आपल्याकडे आता अनेक मिळतात. आरोग्याच्या दृष्टीने तिचा खरा गुण असा की, माणसे जिथे दाटीने असतात तिथेच, म्हणजे बाजारात, शाळेच्या फाटकापाशी, दवाखान्याच्या ओट्यासमोर, तिचे इंजिन बरेचदा बंद असते. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर तिचा फायदा कमी होतो. एक सावधगिरी हवी. काही गाड्यांवर हायब्रिड लिहिलेले असते, पण मोटार इतकी लहान की ती एकटी गाडी ओढू शकत नाही, फक्त इंजिनाला हात देते. दुकानात साधा प्रश्न विचारावा, "इंजिन बंद ठेवून ही नुसत्या मोटारीवर चालते का?" चालत नसेल तर हायब्रिडचे जादा पैसे का द्यावेत?

बॅटरीच्या गाडीला सायलेन्सरच नाही. गल्लीतल्या हवेसाठी याहून चांगली गाडी नाही, यात दुमत नको. एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पुण्याला धावली, आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेची बस सुरू झाली. पण वीज येते कुठून? हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडला नाही तरी आपल्याला पडलाच पाहिजे, कारण परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आपल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहेत. त्या केंद्राला पाणी जाते ते आपल्याच तालुक्यातल्या खडक्याच्या बंधाऱ्यातून. २०१५ च्या दुष्काळात ते पाणी आटले आणि केंद्र बंद ठेवावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. आज तिथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत.

हिशेब असा मांडता येईल. छोटी बॅटरी कार ४० किलोमीटरला साधारण सहा-सात युनिट वीज खाते. ती सगळी कोळशाची धरली तर औष्णिक केंद्रात चार ते पाच किलो कोळसा जळतो. तेवढ्याच अंतराला पेट्रोल कारला अडीच लिटर पेट्रोल लागते, हायब्रिडला पावणेदोन-दोन लिटर. हवामान बिघडवणाऱ्या कार्बन वायूच्या दृष्टीने पाहिले तर निव्वळ कोळशाच्या विजेवरची बॅटरी कार आणि पेट्रोल कार यांत फारसे अंतर राहत नाही. सूर्य, वारा, पाणी यांची वीज मिसळलेली असते ती धरली तर बॅटरी कार पुढे जाते, साधारण हायब्रिडच्या बरोबरीला येते. घराच्या पत्र्यावर किंवा स्लॅबवर सोलर बसवून दिवसा गाडी चार्ज केली तर मग तिला तोड नाही. आपल्या मराठवाड्यात ऊन हे एकच पीक दुष्काळातही हमखास येते.

तरी छातीचा हिशेब कार्बनच्या हिशेबापेक्षा वेगळा आहे. गाडीचा धूर नाकापासून दोन हातांवर सुटतो, चिमणीचा उंचावर सुटून लांब पसरतो, आणि तिथे राख अडवणारी यंत्रेही असतात. म्हणून चार किलो कोळशाची चिमणीतली काजळी आणि शाळेच्या फाटकावरची गाडीची काजळी सारखी धरता येत नाही. पण ती राख जाते कुठे? तळ्यात साचते, उघड्या ट्रकमधून वाहून नेली जाते, वाऱ्यावर उडते. परळीकडचे रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा सोनपेठच्या गल्लीत गाडीचा धूर नाही म्हणून मी आनंद मानावा आणि परळीच्या खोकल्याकडे पाठ फिरवावी, हे मला जमत नाही. बॅटरीची गाडी घ्या, जरूर घ्या, पण राखेचे ट्रक झाकून न्या, असा आग्रहही त्याच तोंडाने धरा.

बॅटरीविषयी दोन धोके. पहिला चार्जिंगचा. २०२२ साली वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एक लहान मुलगा दगावला. बॅटरी काढून झोपायच्या खोलीत, दाराच्या तोंडाशी किंवा जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावू नये. चार्जर कंपनीचाच असावा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि उन्हातून आलेली गाडी थंड झाल्यावर मगच चार्जिंगला लावावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा हे जास्तच पाळावे. पेटलेल्या बॅटरीचा धूर अतिशय विषारी असतो. विझवत बसण्यापेक्षा माणसे बाहेर काढावीत. दुसरा धोका स्वस्त ई-रिक्षांचा. त्यांतल्या पुष्कळांत शिशाच्या बॅटऱ्या असतात, घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा. त्या संपल्या की भंगारवाला फोडतो, शिसे वितळवतो, ॲसिड मातीत ओततो. जे शिसे २००० साली आपण पेट्रोलमधून हाकलले ते या मागच्या दाराने परत येऊ शकते. पोटात कळा, पांढरा पडलेला चेहरा, अभ्यासात मागे पडणे, अशी लक्षणे मुलांत दिसली आणि शेजारी बॅटऱ्या फोडण्याचे काम चालत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. जुनी बॅटरी नवीन घेताना दुकानातच परत द्यावी.

काही गोष्टी कुठल्याही गाडीने सुटत नाहीत. टायर झिजून उडणारे कण, रस्त्याची धूळ, ही बॅटरीच्या गाडीलाही आहे. उलट ती वजनाला जड, म्हणून टायरची झीज थोडी जास्तच, ब्रेकची मात्र कमी. आणि इंजिनाची कोणतीही गाडी असो, हायब्रिडसुद्धा, काचा लावून एसी चालू ठेवून उभ्या गाडीत झोपू नये. लग्नाच्या वऱ्हाडात, जत्रेत असे झोपणारे पुष्कळ असतात. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही कार्बन मोनॉक्साइडची पहिली लक्षणे, आणि गुंगी आलेल्या माणसाला दार उघडायचे सुचत नाही.

गुरुजींना मी काय सांगितले? त्यांचे घर स्वतःचे, वर मोकळी स्लॅब. रोजचे फिरणे चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत, पुण्याला वर्षातून दोनदा, तेही ते रेल्वेने किंवा एस.टी.ने जातात. अशा घराला सोलरसह बॅटरीची गाडी शोभते. एकच गाडी, आणि तिनेच वारंवार लांब जायचे असेल, तर खरी हायब्रिड. एवढे पैसे नसतील तर छोटी पेट्रोल कार, वाटेवर पंप असेल तर सीएनजी. डिझेल नको.

पण हे सांगून झाल्यावर मी त्यांना पुन्हा रविवारकडे आणले. पोराला सोमवार ते शनिवार दम लागतो, रविवारी लागत नाही. घर तेच, चूल नाही, गॅस आहे, कुत्रे-मांजर नाही. मग बदलते काय? शाळा. आणि शाळेत जाण्यासाठी ते लेकरू बसते एका जुन्या व्हॅनमध्ये, चौदा-पंधरा पोरांबरोबर, सगळ्यात मागे, कारण तेच सगळ्यात लहान. व्हॅनचे मागचे दार नीट लागत नाही. चालत्या गाडीमागे पोकळी तयार होऊन धूर आत ओढला जातो. नवी गाडी गुरुजींच्या अंगणात उभी राहिली असती आणि पोराने रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास तोच धूर गिळला असता.

गुरुजी त्या संध्याकाळीच चार पालकांना घेऊन व्हॅनवाल्याकडे गेले. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "गुरुजी, भाडं तुम्ही पाच वर्षं वाढवलं नाही, मी इंजिनाचं काम कशातून करू?" बोलणे बराच वेळ चालले. शेवटी पालकांनी भाडे वाढवून दिले, आगाऊ दोन महिन्यांचे दिले, आणि त्याने इंजिनाचे काम काढले, दाराचे रबर बदलले, सायलेन्सर जोडून घेतला, पोरे कमी करून दोन फेऱ्या सुरू केल्या. पंप आणि नळी आता पोराच्या दप्तरात असते, आणि ती कशी वापरायची हे मी व्हॅनवाल्यालाही शिकवले आहे. जानेवारीत गुरुजी पुन्हा आले. पोराचे औषध चालूच आहे, दमा असा महिन्यात जात नसतो, पण रात्री उठून बसणे थांबले आहे.

गाडी त्यांनी अजून घेतलेली नाही. सोलरवाल्याकडून कोटेशन मागवले आहे. निघताना मला म्हणाले, "आणि डॉक्टरसाहेब, तुमच्या जीपचं काय?" जीपला पंधरा वर्षे होऊन गेली, नूतनीकरण करून, पर्यावरण कर भरून ती चालू आहे. उन्हाळ्याच्या आत तिला निरोप द्यायचा असे मी त्यांच्यासमोर कबूल केले. आता छापूनही आले, तेव्हा मागे फिरता येणार नाही.

(पुढील आठवड्यात : पाचट जाळण्याचा धूर आणि दमा)